‘वाचून झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की फोनवर पुस्तकांच्या चळती दिसायला लागतात. कुणी बावन्न पुस्तकं वाचलेली असतात, कुणाचं टार्गेट चाळीसचं असतं आणि झालेली असतात त्रेचाळीस. एकावर एक रचलेल्या कण्यांचा फोटो, खाली आकडा, त्याखाली टाळ्यांच्या इमोजी. मग कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, ‘एवढा वेळ कसा मिळतो?’ त्रेचाळीसपैकी एखाद्या पुस्तकात काय होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

या आकड्याची चेष्टा करणं सोपं आहे. मला ती करायची नाही. पुस्तकाचं नाव काढलं की ‘पीडीएफ आहे का?’ एवढंच विचारणाऱ्या जगात कुणी त्रेचाळीस पुस्तकं उघडली असतील तर चांगलंच आहे. मला प्रश्न पडतो तो त्या आकड्यामागच्या क्रियापदाबद्दल. आकडा मोजतो ‘वाचून झालेली’ पुस्तकं. पण ‘वाचून झालं’ म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

गुडरीड्स हे ॲप बघा. 2007 साली सुरू झालेलं आणि 2013 साली ॲमेझॉनने विकत घेतलेलं हे वाचकांचं सगळ्यात मोठं ठिकाण. त्यात पुस्तकांसाठी मुळातच तीन कप्पे आहेत: वाचायचं आहे, वाचतोय आणि वाचलं. वार्षिक चॅलेंजमध्ये मोजला जातो तो फक्त तिसरा कप्पा. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही आकडा ठरवायचा, आणि मागे पडलात की ॲप सांगतं, तुम्ही वेळापत्रकाच्या दोन पुस्तकं मागे आहात. किंडल आणखी बारीक हिशेब ठेवतं. वाचायचा तुमचा वेग मोजून ‘या प्रकरणात अजून इतकी मिनिटं’ असं पानाच्या तळाशी दाखवतं. म्हणजे पहिल्या ओळीपासून आपलं लक्ष शेवटाकडे लावून दिलेलं असतं.

आता आपल्या भाषेत वाचनाविषयी जी पुस्तकं लिहिली गेली, त्यांची नावं आठवून पाहा. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक गोविंद तळवलकर यांचं ‘वाचता वाचता’. विज्ञानलेखक निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’. कवी सतीश काळसेकर यांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. तीन वेगळ्या स्वभावांची माणसं. तळवलकर इंग्रजी ग्रंथांच्या जगात रमणारे संपादक, घाटे कशालाही वर्ज्य न मानणारे, आणि काळसेकर साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले, बँकेत नोकरी केलेले डावे कवी. आवडीनिवडीत यांचं एकमेकांशी फारसं जुळलं नसतं. पण तिघांच्याही शीर्षकांत वाचन चालू आहे, संपलेलं नाही. ‘वाचता वाचता’ म्हणजे वाचत असताना आणखी काहीतरी घडतंय. ‘वाचत सुटलो’ म्हणजे लगाम कुणाच्या हातात नाही. आणि काळसेकर तर ‘वाचक’ असा तयार शब्द सोडून ‘वाचणारा’ म्हणतात. वाचक ही ओळख झाली. वाचणारा म्हणजे ज्याचं वाचणं आत्ता, या क्षणी चालू आहे तो.

उलट बाजूला आपण रोजच्या बोलण्यात कोणती क्रियापदं वापरतो? वाचून टाकलं. वाचून काढलं. संपवलं. एका बैठकीत फडशा पाडला. ‘वाचून टाकलं’ हे ‘केर काढून टाकला’च्या घरातलं क्रियापद आहे, अंगावरचं एक काम गेल्याचा सुटकारा त्यात आहे. ॲपने ही वृत्ती आपल्याला शिकवली असं मी म्हणणार नाही, ती आपल्या बोलण्यात आधीपासून होती. ॲपने तिला आकडा दिला, आणि तो आकडा चारचौघांत दिसेल अशी सोय केली.

काळसेकरांच्या पुस्तकापाशी थोडं थांबावंसं वाटतं, कारण वाचनाची नोंद दुसऱ्या कोणत्या रीतीने ठेवता येते याचा आपल्याकडचा चांगला नमुना तिथे आहे. ‘आपले वाङ्मय वृत्त’ या मासिकात त्यांनी जे सदर लिहिलं, त्याचं हे पुस्तक लोकवाङ्मय गृहाने काढलं आणि 2013 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कादंबऱ्या आणि कवितासंग्रहांच्या रांगेत वाचनाविषयीच्या सदराला हा मान मिळाला, हेच मला आधी विशेष वाटलं होतं.

हे पुस्तक उघडताना परीक्षणांची अपेक्षा ठेवली तर जरा गोंधळायला होतं. पुस्तकाचा सारांश, त्यावर निवाडा आणि शेवटी ‘अवश्य वाचावे’ ही रचना इथे नाही. पुस्तकाच्या आजूबाजूचं सगळं इथे पुस्तकाइतकंच महत्त्वाचं आहे: ते कुणामुळे हाती आलं, कुठल्या दुकानात मिळालं, कोणत्या नियतकालिकाने आधी त्याची चाहूल दिली, ते वाचताना दुसरं कोणतं पुस्तक आठवलं. पुस्तकाकडून माणसाकडे, माणसाकडून गावाकडे आणि तिथून पुन्हा पुस्तकाकडे अशी ही नोंद फिरत राहते. ‘किती’ हा प्रश्न तिथे कुणाला पडतच नाही. पाचशे पुस्तकांचा उल्लेख असेल किंवा पन्नास, त्याने काही बिघडत नाही.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा आकडा आणि लॉग यांच्यातला फरक आहे. सर्व्हरवर दिवसाला किती रिक्वेस्ट आल्या, हा आकडा डॅशबोर्डवर छान दिसतो. पण रात्री दोन वाजता काहीतरी बंद पडतं तेव्हा तो आकडा उपयोगी पडत नाही. तेव्हा लागतो लॉग. कुठून काय आलं, त्याआधी काय चालू होतं, कोण कुणाला बोलावत होतं, हे त्यात सापडतं. वाचलेलं पुस्तक आपल्याला हवं असतं तेही बहुधा अशाच वेळी, आपलं काहीतरी अडलेलं असताना. त्या वेळी ‘मी 2021 मध्ये सदतीस पुस्तकं वाचली’ ही माहिती काहीच परत आणून देत नाही. अमुक कादंबरी आपण कुणाच्या सांगण्यावरून घेतली, ती अर्ध्यावर का सोडली आणि तिच्यातल्या कोणत्या पात्राचा राग आला, एवढं आठवलं तर मात्र ती कादंबरी पुन्हा हाताशी येते.

आकड्याची दुसरी अडचण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा: एखादं माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही. एखाद्या टीमने किती टिकिटं बंद केली यावर तिचं कौतुक व्हायला लागलं की काही दिवसांत टिकिटं लहान होत जातात. अवघड काम एका टिकिटात राहतं आणि कुणीच ते उचलत नाही. यात कुणाचा लबाडीचा हेतू असतोच असं नाही. हात आपोआप सोप्याकडे वळतो, इतकंच.

पुस्तकांचंही तसंच होतं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 सालचा, अंगाने अगदी बारीक. तो एका बैठकीत पाहून होतो आणि चॅलेंजमध्ये एक म्हणून जमा होतो. ‘सकाळी पाचला उठा आणि आयुष्य बदला’ छापाचं मोठ्या टायपातलं पुस्तकही एक म्हणूनच जमा होतं. पण ‘गोलपिठा’ कुणाचाही एका बैठकीत ‘होत’ नाही. त्यातल्या शब्दांसाठी थांबावं लागतं. ती वस्ती, ती बोली, तो राग आपल्या ओळखीचा नसेल तर मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं. अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’बद्दल तर हे आणखी खरं आहे. देशोदेशींच्या, काळाच्या वेगवेगळ्या टोकांच्या दुःखी स्त्रिया त्या संग्रहात आहेत. दिवसाला एक कविता हाही वेग जास्त वाटावा असं ते पुस्तक. आणि भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ सहाशे पानांची. तेवढ्या वेळात चार-पाच छोटी पुस्तकं सहज उरकतात. तेव्हा सप्टेंबरमध्ये ‘वेळापत्रकाच्या मागे’ असलेला वाचक ‘हिंदू’ला हात लावणार नाही. तो ती नाकारत नाही, पुढच्या वर्षावर ढकलतो. पुढच्या वर्षीही सप्टेंबर येतोच.

मला काळजी वाटते ती इथे. ज्याला थांबून वाचावं लागतं, जे पहिल्यांदा कळत नाही, जे अर्ध्यावर सोडून तीन वर्षांनी पुन्हा उचलावं लागतं, असं लेखन कोणत्याही भाषेत थोडंच असतं आणि मराठीत त्याचे वाचकही थोडेच आहेत. त्या थोड्यांतले काही जण आकड्यापायी कमी झाले तर इंग्रजीला फरक पडणार नाही. आपल्याला पडेल.

यावर एक आक्षेप कुणीही घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. मोजणं आपल्याला नवीन आहे का? ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह सात दिवसांत पुरा करायचा असतो. कोणत्या दिवशी कुठल्या अध्यायापर्यंत जायचं हे ठरलेलं असतं. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या गावोगावच्या पारायणात सात दिवसांत वाचल्या जातात. ‘दासबोधा’चे वीस दशक आणि दोनशे समास, रोज एक-दोन असे नेमाने वाचणारे लोक घराघरांत होते. टार्गेट, वेळापत्रक, समाप्ती सगळं आहे. मग चॅलेंजने काय वेगळं केलं?

फरक असा की पारायणात मोजली जातात ती एकाच ग्रंथाची वाचनं. ‘किती पारायणं झाली?’ या प्रश्नात पुस्तक बदलत नाही, वाचणारा बदलत जातो. विशीत वाचलेला अध्याय चाळिशीत वेगळा लागतो आणि त्यासाठी पुन्हा पहिल्या पानावर जावं लागतं. श्रावणात ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला जायचा, तेव्हा कथा ऐकणाऱ्यांना तोंडपाठ असायची. पुढे काय होणार याची उत्सुकता जवळपास शून्य. तरी लोक बसायचे. पोथी संपायची, आरती व्हायची, प्रसाद वाटला जायचा, आणि पुढच्या श्रावणात तीच पोथी पुन्हा उघडायची. ‘ही आमची वाचून झाली, आता दुसरी द्या’ असं कुणी म्हणत नसे.

मी पारायणाला डोक्यावर घेत नाहीये. अर्थाकडे लक्ष न देता भराभर पुटपुटत संपवलेली पारायणंही असतात आणि पुण्याचा हिशेब हाही शेवटी हिशेबच. आकडा तिथेही डोईजड होतो. पण एकाच पुस्तकाकडे परत जाणं हा ज्या समाजात वाचनाचा सर्वमान्य प्रकार होता, तिथे आज दुसऱ्यांदा वाचायला घेताना ‘त्यापेक्षा एखादं नवीन झालं असतं’ असं मनात येतं. पुनर्वाचनाची तारीख नोंदवायची सोय गुडरीड्सवर आहे. पण डिसेंबरच्या फोटोत तेच पुस्तक दोनदा ठेवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा. भराभर वाचण्यात वाईट काय? काहीच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या काही पिढ्या भराभर वाचायला शिकवल्या. नारायण धारपांच्या भयकथा आणि सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्यांनी पुढे तेच केलं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीत दिवसाचे पैसे लागायचे, म्हणून उद्या परत करायच्या आत पुस्तक पुरं करायचं. पानांच्या कडेला आधीच्या वाचकांचे शेरे असायचे, आणि खुन्याचं नाव पहिल्याच पानावर लिहून ठेवणारे महाभागही असायचे. तो वेग गोष्टीच्या ओढीचा होता. पुढे काय होतंय ते कळल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून माणूस वाचत सुटायचा. आता वेग तोच असेल, पण ओढ कधी कधी शेवटच्या पानापलीकडच्या नोंदीची असते. ‘वाचत सुटणं’ आणि ‘संपवत सुटणं’ यांत बाहेरून फरक दिसत नाही. तो वाचणाऱ्यालाच कळतो. घाट्यांच्या शीर्षकातला तो ‘सुटलो’ मला म्हणूनच आवडतो. विज्ञानाचं वाचन भारदस्त आणि रहस्यकथांचं चोरून करायचं, अशी वाटणी ते करत नाहीत. त्यांच्याकडे दोन्ही एकाच भुकेची रूपं आहेत.

तरी या पुस्तकांबद्दलही एक तक्रार नोंदवायला हवी. मराठीत वाचनानंदाविषयी लिहिणारा माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो, शहरात राहतो आणि त्याच्या घरात पुस्तकांना भिंत असते. काळसेकरांसारखा नोकरी करून पुस्तकं जमवणारा कवी असो किंवा मोठा संपादक, त्याच्या वाचनाच्या वेळी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत असतं. शिवाय ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’त नावांची दाटी इतकी आहे की लघुनियतकालिकांचं जग ज्याला माहीत नाही, त्या विशीतल्या वाचकाला दुसऱ्यांच्या संमेलनात आल्यासारखं वाटू शकतं. ओळख करून द्यायला कुणी पुढे येत नाही, आपणच एकेका नावामागे जायचं. मला ते जाणं आवडलं. पण सगळ्यांना तेवढी फुरसत नसते.

म्हणून या पुस्तकांशेजारी मी रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ठेवतो. 1910 सालचं हे पुस्तक वाचनाविषयीचं म्हणून ओळखलं जात नाही. पण वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला न्यायमूर्ती रानडे लिहायला-वाचायला शिकवतात, इंग्रजीही शिकवतात, आणि घरातल्या बायका तिला त्यासाठी टोमणे मारतात, बाजूला टाकतात, हा सगळा भाग वाचनाविषयीच आहे. तिथे वाचनानंदाच्या गप्पा नाहीत. एक पान वाचता येणं हीच मोठी गोष्ट, आणि त्याची किंमत दिवसभर घरात मोजायची. रमाबाईंच्या जागी बसून पाहिलं की ‘संपवलं’ या शब्दाचा वेगळा अर्थ लागतो. ज्याला वाचू दिलं जात नव्हतं, त्याच्यासाठी एक पुस्तक शेवटपर्यंत जाणं हा विजय असतो आणि तो मोजायलाच हवा. आजही घरातलं पहिलं पुस्तक विकत घेणारी, वसतिगृहाच्या खोलीत फोनच्या उजेडात वाचणारी मुलगी ‘या वर्षी माझी दहा झाली’ असं लिहिते, तेव्हा त्या दहाच्या आकड्यात बरंच काही असतं. माझा वाद तिच्याशी नाही. पुस्तकं ज्यांना सहज मिळतात, त्या माझ्यासारख्यांनी तोच आकडा उचलून त्याची शर्यत केली, तिच्याशी आहे.

ऑडिओबुकवरून होणारा वादही या नजरेने पाहिला तर वेगळा दिसतो. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं मोठ्या प्रमाणावर कानांनी ‘वाचली’ जाऊ लागली, आणि ‘ऐकलेलं मोजायचं का?’ हा प्रश्न लगेच उभा राहिला. तो पडतो आकडा ठेवायचा असतो म्हणूनच. पोथी एक जण वाचायचा आणि ओसरीवरची पंधरा माणसं ऐकायची. त्यातल्या कितींनी ‘वाचली’ असं तेव्हा कुणी विचारलं नाही. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना अक्षरओळखही नव्हती आणि कथा मात्र वाचणाऱ्यापेक्षा पक्की ठाऊक होती. विचारायचंच तर हे विचारावं, की दीडपट वेगाने लावलेल्या आवाजात निवेदकाने घेतलेला विसावा आपल्याला ऐकू आला का.

मग करायचं काय? ॲप काढून टाका, असं सांगणारा लेख तुम्ही फोनवर वाचताय, तेव्हा तो सल्ला राहू दे. मी स्वतः आकडा ठेवणं बंद केलं नाही. त्याच्या जोडीला फोनच्याच नोट्समध्ये एक फाइल ठेवतो. तिच्यात पुस्तकाच्या नावापुढे गुण नसतात. ते कुणामुळे आलं, कुठे थांबलो आणि का थांबलो, एवढंच असतं. अर्ध्यावर राहिलेली पुस्तकं तिथे पुरी झालेल्यांच्या बरोबरीने बसतात. ‘भिजकी वही’च्या पुढे तीन वर्षांत तीन वेगळ्या तारखा आहेत, आणि ती अजून ‘चालू’च आहे.

आपल्या भाषेने खरा प्रश्न आधीच तयार ठेवलाय. ओळखीचं कुणी भेटलं की आपण विचारतो, ‘सध्या काय वाचतोयस?’ ‘काय वाचून झालं?’ असं सहसा विचारत नाही. येत्या डिसेंबरात कुणाच्या चळतीचा फोटो दिसला तर खाली हा प्रश्न टाकून पाहा. आणि उत्तर आलं, तर तो सध्या कुठवर आलाय तेही विचारा.